मामंजींचं डोकं

६ जानेवारी

ती. वहिनी,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोन करून पाहिला. पण माझा आवाज ऐकला की दादा फोन तुमच्या हातात देतो, आणि तुम्ही ‘सगळं ठीक, तिकडे कसं?’ एवढं विचारून ठेवून देता. तो समोर उभा असतो, कळतं मला. कागदावर तुम्ही मोकळ्या होता. मी होस्टेलवर असताना तुमची पत्रं यायची, तेव्हापासून मला ते ठाऊक आहे.

काम असं आहे. बाबांनी पहिली इलेक्ट्रिक गिटार केली त्याला यंदा पन्नास वर्षं होतात. कंपनीतर्फे एक देखणं पुस्तक काढतोय. विषय एकच, आपल्या गिटारीचं डोकं. वाजवणारे लोक गिटार लांबून ओळखतात ती डोक्यावरून, म्हणजे जिथे तारा पिळायच्या खुंट्या बसवतात त्या टोकावरून. ते डोकं वेळोवेळी का बदलत गेलं असं मला विचारतात आणि मी घसा खाकरतो. मी तेव्हा शाळेत होतो, नंतर दुकानात बसलो. लाकडाशी माझा संबंध भुसा झाडण्यापुरता.

जाहिरातवाल्याने लिहून आणलंय, ‘उडत्या पक्ष्याच्या पंखावरून सुचलेला आकार’. मी म्हटलं, बाबा रे, आमच्या शेडमध्ये पक्षी शिरला की आमचे वडील त्याला चप्पल फेकून मारायचे.

तुम्हाला सगळं आठवतं. सावकाश लिहा. लेखी असलं की छापणाऱ्यालाही बरं पडतं. दादाचा फोटो अर्धं पान घेणार, हा माझा शब्द.

तुमचा,
भाऊजी


१९ जानेवारी

भाऊजी, अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं तेव्हा तुमचे दादा लाकूड आणायला गेले होते, ते बरंच झालं. हेही त्यांना न सांगता लिहितेय. पुस्तकात फोटो दिसेल तेव्हा कळेलच. वाटणीपासून तुम्ही दोघं बोलत नाही ह्याचा मला रोज जाच होतो. तुमच्याकडे कंपनीचं नाव आणि दुकान, ह्यांच्याकडे हत्यारं आणि मागची शेड. ठरलं ते ठरलं. पण म्हणून सख्ख्या भावाला परक्यासारखं वागवायचं? असो. कागदाची पाठ कोरी सोडायला माझ्या जिवावर येतं, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितेय. शाई मागे उमटली तर चालवून घ्या.

पहिलं डोकं मामंजींचं. त्याला आम्ही फावडं म्हणायचो. ते साध्या, पोकळ गिटारी करायचे, तसलंच डोकं त्यांनी विजेवरच्या गिटारीला बसवलं. रुंद, तीन खुंट्या इकडे, तीन तिकडे, आणि सबंध डोकं मागे कललेलं. कललेलं का, तर मानेच्या टोकाला हाडाची पट्टी असते, तिच्यावर तारा दाबून बसायला हव्यात. नाहीतर सुराला खडखड येते. सुरेख दिसायचं. पण कललेलं डोकं आणि सरळ मान एकसंध काढायची तर जाड ठोकळा लागायचा, आणि त्यातला बराचसा माझ्या चुलीत जायचा. शिवाय गिटार पडली की नेमकी तिथेच मोडायची, कारण लाकडाच्या रेषा तिथे आडव्या जातात. कलाकार रडवेल्या चेहऱ्याने यायचे. मामंजी म्हणायचे, “वाजवायला घेतलीस की फरशी फोडायला?”

दुसरं डोकं म्हणजे तेच फावडं, पण मागच्या बाजूला, मान संपते तिथे तुमच्या दादांनी लाकडाची एक गाठ ठेवायला सुरुवात केली. मोडणं थांबलं. मग तक्रार आली की अंगठा अडतो. लोकांचं कसं असतं बघा.

तिसरं म्हणजे खाचेचं, अजून चालतं ते. ते कललेलं नाही, मानेच्या रेषेत सपाट आहे. त्यामुळे ठोकळा नको, साधी फळी पुरते. सहाही खुंट्या एकाच बाजूला, म्हणजे तार पट्टीवरून निघाली की वाकडी न होता थेट खुंटीला जाते आणि सूर टिकतो. सपाट असल्याने बारीक तारा उचलल्या जातात, म्हणून त्यांना धरायला छोटं बटण ठोकतात. आणि डोक्याच्या खांद्यापाशी ती खाच, जिला तुमचा जाहिरातवाला पंख म्हणतो. पंख कसला! एका फळीतून दोन माना काढताना त्या उलटसुलट ठेवतात. एकीचं डोकं जिथे येतं तिथे दुसरीच्या बुडाचा कोपरा घुसतो. त्या कोपऱ्याला जागा म्हणून ती खाच. ती ठेवली की फळी वीतभर कमी लागते. बाकी काही नाही.

तेही डोकं मामंजींचंच म्हणायचं. घर त्यांचं, धंदा त्यांचा, त्यांच्या आशीर्वादाने सगळं झालं. हात मात्र तुमच्या दादांचा. एवढं नक्की छापा.

जाऊबाईंना आणि मुलांना आशीर्वाद.

वहिनी


२ फेब्रुवारी

ती. वहिनी,

पत्र दोनदा वाचलं, एकदा जाहिरातवाल्याला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘वीतभर फळी वाचते’ ऐकून त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्याला पंखच हवाय. मी म्हटलं बघू.

चौथं डोकं माझं, ते मी लिहून टाकतो. टीव्हीवर वाद्यवृंद यायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की कॅमेरा आधी गाणाऱ्याचं तोंड दाखवतो, मग बोटं, मग डोकं. म्हणून दादाच्या मागे लागून खाचेचंच डोकं वाढवून घेतलं. कंपनीचं नाव मागच्या रांगेतून वाचता आलं पाहिजे. पुस्तकात लिहितोय की लाकूड वाढल्याने नाद जास्त वेळ टिकतो. हसू नका. टिकतही असेल.

एकच राहिलं. तिसरं डोकं, खाचेचं, कोणत्या साली झालं आणि ते बाबांचंच, एवढं वेगळ्या कागदावर लिहून खाली सही करून पाठवाल? छापणाऱ्याला तारखा पक्क्या हव्यात. दादाचा फोटोही पाठवा, कानस हातात घेतलेला असला तर उत्तम.

भाऊजी


११ फेब्रुवारी

भाऊजी, आशीर्वाद.

सोबत सही केलेला कागद आणि फोटो. फोटोत कानस आहे, पण चेहरा माझ्यावर चिडलेला आहे, कारण जेवण गार होत होतं आणि मी त्यांना उभं करून ठेवलं होतं. मामंजींच्या नावाने लिहिताना देवासमोर बसून लिहिलं. गेलेल्या माणसाचं नाव मोठं झालं तर आपलंच घर मोठं होतं.

तुमच्या चौथ्या डोक्याबद्दल मात्र बोलते. जड झालंय ते. पट्टा खांद्यावर घेऊन हात सोडला की मान जमिनीकडे जाते. ह्यांच्याकडे वाजवणारे येतात ते म्हणतात, काका, जुनं लहान डोकंच करा. तेच करतात. एका संगीतशाळेचं काम आलंय, शेडभर माना टांगल्यात. फार वर्षांनी ह्यांना कामाच्या नादात शीळ घालताना ऐकलं. मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले, उगीच शेडमध्ये गेले तर शीळ थांबवतील म्हणून.

पुस्तक आलं की दोन प्रती पाठवा. एक देवाजवळ ठेवीन.

वहिनी


२३ एप्रिल

भाऊजी,

पुस्तकाची वाट बघत होते. वकिलाचा कागद आला.

ह्यांनीच फोडला. शेडच्या दारात उभं राहून वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला. त्यात लिहिलंय की खाचेचं डोकं तुमच्या वडिलांनी बनवलं, म्हणून ते कंपनीच्या मालकीचं आहे, कंपनीने त्याची नोंदणी केली आहे, आणि तुमच्या दादांनी ते कापणं ताबडतोब बंद करावं. आणि पुरावा म्हणून मागे माझा कागद टाचलेला. माझं अक्षर, माझी सही.

“हे तू लिहिलंस?”

“हो. पुस्तकासाठी.”

“बाबांनी बनवलं?”

मी म्हटलं, “मोठ्या माणसांचंच म्हणतात ना सगळं.”

चिडले असते तर मी चार शब्द बोलले असते. कागद घडी करून माझ्या हातात दिला, वाणसामानाची यादी द्यावी तसा, आणि आत जाऊन मशीन बंद केलं.

तर आता जे खरं ते ऐका. मामंजी तेव्हा अंथरुणावर होते, उजवं अंग गेलेलं. त्यांना डोकं काय, चमचा धरता येत नव्हता. तुम्ही होस्टेलवर होतात, तुम्हाला मुद्दाम कळवलं नव्हतं. लाकूड महाग झालेलं, ठोकळा परवडेना. हे फळीवर मानेचा फर्मा एकीकडून ठेवून बघत, दुसरीकडून ठेवून बघत, एका फळीत एकच मान बसे. मी मुलीचं झबलं बेतत बसले होते. म्हटलं, “बाह्या कशा ठेवतो आम्ही? एक वर, एक खाली. मग कापडात बसतात.” ते म्हणाले, “लाकूड म्हणजे कापड आहे का?” तरी मी वर्तमानपत्राचे दोन फर्मे कापले आणि फळीवर उलटसुलट ठेवले. एकाचा कोपरा दुसऱ्याच्या डोक्यात घुसत होता. मी कात्रीने तेवढा तुकडा उडवला. ती तुमची खाच. ह्यांनी ती कानशीने गोल केली आणि डोक्याची बाकीची रेषा तिला शोभेल अशी काढली. महिनाभर त्या एका रेषेमागे होते.

तयार झालेलं डोकं मामंजींना नेऊन दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने चाचपलं आणि विचारलं, “हे उंदराने कुरतडलं का?” एवढाच त्यांचा त्यात वाटा.

मी मामंजींचं नाव लिहिलं ते सून म्हणून लिहिलं. सासऱ्याच्या घरात ‘हे मी केलं’ असं लिहायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नाही, आणि तुम्ही विचारलंत ते पुस्तकासाठी. वाटणीत भांडी निघाली, कपाटं निघाली, शिडीसुद्धा निघाली. डोकं कुणी वाटायला काढलंच नव्हतं, कारण ते ह्यांच्या हातात होतं.

वकिलाला सांगा आणि तो कागद मागे घ्या. संगीतशाळेचं काम अर्धवट टांगलेलं आहे.

वहिनी


४ मे

ती. वहिनी,

तुम्हाला त्रास झाला ह्याचं वाईट वाटतं. पण माझी बाजूही ऐका. एक मोठी परकी कंपनी आमचं डोकं हुबेहूब उतरवते. मी त्यांना अडवायला गेलो तर त्यांचा वकील म्हणतो, तुमचा सख्खा भाऊच ते कापतो, मग ते एकट्या तुमचं कसं? एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं. माझ्याकडे कामाला असलेल्या माणसांची घरं ह्यावर चालतात. दादाचा मी दुस्वास करत नाही.

आणि वहिनी, आता तुम्ही म्हणता की बाबांचं नव्हे, आमचं. आधी एक सही, आता दुसरी गोष्ट. बाहेरचा माणूस काय म्हणेल? सासऱ्याने केलं म्हणून दिलेली सही सून परत घेते, तीही धंद्यावर गदा आल्यावर. बाह्यांची गोष्ट मी खरी मानतो हो. कोर्टात लोक हसतील. तुमचं हसं झालेलं मला आवडणार नाही.

दादासाठी मार्ग काढलाय. त्याने आमच्याकडे यावं, माना विभाग त्याच्याकडे देतो. तेच डोकं कापायचं, फक्त आमच्या छपराखाली. महिन्याच्या महिन्याला पगार, वर कुणाची कटकट नाही. एवढं तरी त्याने ऐकावं.

पुस्तकाच्या दोन प्रती सोबत. दादाचा फोटो जागेअभावी लहान झाला.

भाऊजी


१२ मे

भाऊ,

खाचेचं डोकं कापणं बंद केलं आहे. शाळेचं काम परत केलं.

तुझ्याकडे येणार नाही. पुस्तक पाहिलं. फोटोखाली ‘कंपनीतील एक जुने कारागीर’ असं छापलं आहेस.

हिला ह्यापुढे पत्र घालू नकोस. तुझ्या शब्दाला ही भुलते.

दादा


१७ ऑगस्ट, पुढचं वर्ष

ती. वहिनी,

दादाने मना केलं होतं, तरी लिहितोय. बातमी चांगली आहे म्हणून.

आम्ही डोकंच काढून टाकलं. खरंच. नव्या गिटारीला डोकं नाही. मान पट्टीपाशी संपते आणि खुंट्या खाली, दुसऱ्या टोकाला. वजन कमी, मान जमिनीकडे जात नाही (तुमचं म्हणणं मी विसरलो नव्हतो), विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावते, मोडायला काही शिल्लकच नाही. तरुण मुलांना हेच हवंय. खाचेचं डोकं गेल्या महिन्यापासून बंद. परक्या कंपनीशीही तडजोड झाली, त्यांनी आम्हाला काही दिलं, आम्ही त्यांना कापू दिलं.

म्हणजे आता दादाला अडवायचं काही कारण राहिलं नाही. परवानगीचा कागद सोबत जोडलाय. त्याने ते डोकं हवं तेवढं कापावं, हवं तेवढं विकावं. मनात काही ठेवू नका. धंद्यात अशा गोष्टी होतात. घर ते घर.

तुमचा,
भाऊजी


३० सप्टेंबर

भाऊजी,

परवानगीचा कागद मिळाला. मी ह्यांच्यापासून लपवून ठेवला नाही, ह्या वेळी आधी त्यांच्या हातात दिला.

वर्षभर हे एका फर्निचरवाल्याकडे जात होते. पलंगाचे पाय कातायचे, सगळे एकसारखे. घरी आले की हात धुवायचे आणि बसायचे. शेडमध्ये मी दिवा लावायला जायची, तेवढंच कुणाचं जाणं. मी देवाला रोज एकच मागायची, ह्या माणसाला पुन्हा आत ने.

कागद वाचून चार-आठ दिवस रोजच्यासारखे कामाला गेले. मग एका सकाळी फर्निचरवाल्याकडे गेलेच नाहीत. कुलूप काढलं, फळी घेतली, फर्मे उलटसुलट ठेवले. मी आपली भाजी निवडत दारात बसले. “अगं, उजेड अडवू नकोस,” म्हणाले. कितीतरी दिवसांनी असं खेकसले, मला बरं वाटलं. एक मान पूर्ण केली, गिटार उभी केली. खाच गोल करायला पूर्वीसारखाच वेळ घेतला. तारा चढवून दाराशी टांगली.

एक गिऱ्हाईक आलं. चांगल्या घरचा, वाजवणारा माणूस, बोटं तयार. गिटार उतरवली, वाजवली, खूश झाला. मग डोकं उजेडात धरून त्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “काका, नक्कल झकास जमलीय. थेट त्या परक्या कंपनीची वाटते.”

हे म्हणाले, “हो, जमलीय.”

मला राहवलं नाही. भाजी खाली ठेवून उठले. म्हटलं, “नक्कल नाही ती. ही खाच माझ्या कात्रीची आहे, मुलीचं झबलं बेतताना पडलेली. ह्यांनी ती घडवली. तुमच्या त्या कंपन्यांना दुधाचे दात आले नव्हते तेव्हाची आहे.” आयुष्यात पहिल्यांदा मी ‘माझी’ असं म्हटलं, तेही परक्या माणसासमोर.

तो हसला. वाईट नाही हसला, गोड हसला. “काकू, भारी आहात तुम्ही,” म्हणाला. “पण ज्या कंपनीने हे डोकं आधी काढलं तिच्या पुस्तकात तर दिलंय, मालकांच्या वडिलांना पक्ष्याच्या पंखावरून सुचलं होतं. माझ्याकडे आहे ते पुस्तक.” मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, “नक्कल असली म्हणून काय झालं काका, हात आहे तुम्हाला. नक्कल म्हणून भाव कमी लावा फक्त.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, एक शब्द तरी बोलतील. ते मला म्हणाले, “जाऊ दे. तू आत जा.” आणि गिटार कागदात गुंडाळायला लागले.

तो गेल्यावर फर्मा काढून चुलीजवळ टाकला. मी उचलला नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पलंगाच्या पायांना जातात.

तुम्ही डोकं अडवलंत तोवर ते आमचं होतं. अडवलेलं असलं तरी आमचं. तुम्ही मोकळं केलंत आणि त्या दिवसापासून आम्ही आमचीच नक्कल करणारी माणसं झालो. परवानगीचा कागद परत पाठवतेय. त्याची पाठ कोरी होती, म्हणून हे पत्र त्याच्यावरच लिहिलंय.

जाऊबाईंना आणि मुलांना आशीर्वाद. संध्याकाळी देवापुढे घरातल्या सगळ्यांची नावं घेते. तुमचंही येतं मध्ये. अजून काही मागता येत नाही तुमच्यासाठी, नुसतं नाव घेते आणि पुढे जाते.

वहिनी